गिऱ्हाइकास हाताने लिहिलेले आभारपत्र

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने धंद्यातील अनुभवावर काही लिहा असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. भांड्यांच्या दुकानात पन्नासाहून अधिक वर्षे गादीवर बसलेला माणूस वजन, मोड आणि उधारी यांपलीकडे काय सांगणार, असे मला वाटले. परंतु आपल्या न्यासाच्या सभासदांत आज दुकानदार आहेत, लहान कारखाने चालविणारे आहेत, खाणावळ किंवा शिवणकाम यांवर घर उभे केलेल्या भगिनी आहेत. त्यांच्यातील तरुण मंडळींनी अलीकडे मला एक प्रश्न दोनतीनदा विचारला. "काका, दिवाळीनंतर तुमचे हाताने लिहिलेले कार्ड येते. एवढी खटपट कशासाठी? मोबाईलवर एका क्षणात पाचशे जणांचे आभार मानता येतात." उभ्या उभ्या याचे उत्तर देणे मला जमले नाही. ते येथे सविस्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली अडचण आपल्या मनातलीच आहे. आपल्यात आभार मानण्याची रीत नाही, असे पुष्कळजण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. घरात कोणी कोणाचे आभार मानीत नाही. मावशीने डबा पाठविला तर आपण तो रिकामा परत करीत नाही, एवढेच. 'आभारी आहे' असे जवळच्या माणसास म्हटले तर त्यास परके केल्यासारखे वाटते. शब्दाकडे पाहिले तरी आभारात भार आहे, ओझे आहे. ते एकदा बोलून दाखविले की उतरले आणि व्यवहार संपला, असा काहीसा त्याचा ध्वनी निघतो.

पण आपल्या जुन्या पत्रांत आभार नव्हते असे मात्र नाही. ते शेवटी असत आणि वेगळ्या शब्दांत असत. "लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती." यात ओझे उतरविणे नाही. तुमचा लोभ आम्हांस मिळाला हे आम्ही जाणतो, आणि तो पुढेही राहावा, असे त्यात म्हटले आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकास लिहावयाचे ते नेमके हेच. म्हणून ही रीत परकी आहे असे समजून बिचकण्याचे कारण नाही.

त्याच जुन्या पत्रांच्या मायन्यात आणखी एक शब्द आहे, आणि माझा सारा धडा त्या एका शब्दात आहे. 'स. न. वि. वि.' ही अक्षरे आपण सवयीने लिहितो. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. पेशवाईतील पत्रांतही नमस्कार, इकडील कुशल, आपले कुशल लिहावे ही विनंती, एवढे झाले की 'विशेष' असे लिहून मग पत्राचा खरा मजकूर सुरू होई. म्हणजे नमस्कार सर्वांस सारखा, पण विशेष ज्याचे त्याचे. ज्या पत्रात विशेष नाही, त्यात नुसता मायना आहे. छापील कार्डात आणि एकदम पाचशे जणांस धाडलेल्या संदेशात असते ते एवढेच. हे मला कोणी पुस्तकातून शिकविले नाही. एका चुकीने शिकविले, आणि ती चूक माझी होती.

आमचे तीर्थरूप नाना हयात होते तोवर दुकानाची एक ठरलेली रीत होती. लक्ष्मीपूजनास वह्यांची पूजा झाली की आपल्या वडोदऱ्यात बाजार बंद होतो, तो लाभपाचमीला मुहूर्ताने उघडतो. मधले चार दिवस इतर लोक गावाला जात. नाना पाडव्याच्या संध्याकाळी पावतीपुस्तके घेऊन बसत. दर पावतीची स्थळप्रत उलटून पाहत. तिच्या पाठीवर वर्षभरात त्यांनी शिसपेन्सिलीने दोनदोन शब्द टिपलेले असत. 'नातीचे बारसे.' 'कळशी बदलून दिली, रागावले नाहीत.' 'पावसात आले.' त्यातून तीसचाळीस नावे निवडून ते पोस्टकार्डे लिहीत. भाऊबीजेचे जेवण झाले की पुन्हा लिहावयास बसत. मी तेव्हा पत्ते लिहिण्याचे काम करी आणि मनातून कंटाळत असे.

नाना १९८६ साली गेले. पुढे काही वर्षे मी ती कार्डे कशीबशी लिहिली. मग दुकान वाढले, स्टीलचा खप वाढला, गिऱ्हाइकांची यादी सहाशेवर गेली. १९९४ च्या दिवाळीत मी ठरविले की आता हाताने लिहिणे पुरे. चांगला जाड कागद घेऊन सोनेरी अक्षरांत कार्डे छापून घेतली. 'आपल्या घरातील मंगल प्रसंगी आम्हांस सेवेची संधी दिलीत, त्याबद्दल आभारी आहोत,' असा मजकूर, आणि खाली, 'हे कार्ड आणल्यास पुढील खरेदीवर शेकडा ५ सूट.' सगळी कार्डे दोन दिवसांत रवाना झाली. मी स्वतःवर खूष होतो.

लाभपाचमीनंतर तिसऱ्या दिवशी दांडिया बाजारातील आमच्या एका जुन्या घरचा थोरला मुलगा दुकानात आला. त्याने ते कार्ड खिशातून काढून गल्ल्याशेजारी ठेवले आणि म्हणाला, "आमच्याकडे मंगल कार्य नव्हते." एवढेच बोलून तो पायऱ्या उतरला. मी पावतीपुस्तक काढले. भाद्रपदातील पावती होती. तेरा तांब्या-भांडी. त्यांचे वडील गेले होते आणि तेराव्याच्या दानासाठी ती भांडी नेली होती. पावती माझ्याच हातची होती. भांडी बांधून देताना मी त्या मुलाशी दोन शब्द बोललोही होतो. मग यादीवरून नावे उतरविताना मला कोण नाव आणि कोण माणूस, याचे भान राहिले नाही.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला लहानपणापासून पाहिलेले. तिने पाणी दिले, बसविले, आणि कार्डाचा विषय मीच काढला तेव्हा म्हणाली, "अरे, तू मुद्दाम केलं नाहीस, ते कळतं मला. पण नाना असते तर असं कार्ड आलं नसतं रे." त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. घरी येऊन मी उरलेली कार्डे बंबात घातली.

तेव्हापासून दिवाळीत पुन्हा हातानेच लिहितो. सहाशे नव्हे, चाळीसपन्नास. आता मुलगा गादीवर बसतो आणि बिले संगणकावर निघतात, त्यामुळे स्थळप्रतीची पाठ राहिली नाही. म्हणून गल्ल्याजवळ एक दोरी बांधलेली वही ठेवली आहे. गिऱ्हाईक गेले की तारीख, नाव आणि दोन शब्द. पत्रे लिहिण्याचे खरे काम या वहीत वर्षभर चालू असते. दिवाळीत ते फक्त उतरवून काढावयाचे. ज्यांना हा उपक्रम सुरू करावयाचा आहे, त्यांनी पेन आणि कागद यांची चर्चा करण्याआधी ही वही सुरू करावी.

आता कोणी म्हणेल, की हा झाला भावनेचा भाग, धंद्याच्या दृष्टीने याचा उपयोग काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर परदेशांत पद्धतशीर प्रयोग झालेले आहेत. ते मला माझ्या नातवाने वाचून दाखविले. १९७६ साली अमेरिकेतील 'जर्नल ऑफ मार्केटिंग' या नियतकालिकात एका जवाहिऱ्याच्या दुकानातील प्रयोगाचा वृत्तांत आला होता. दुकानाच्या गिऱ्हाइकांचे तीन गट केले. पहिल्या गटातील लोकांना दूरध्वनी करून केवळ आभार मानले. दुसऱ्या गटाचे आभार मानले आणि त्याबरोबरच, आमच्याकडे लवकरच सवलतीची विक्री आहे, असे सांगितले. तिसऱ्या गटास काहीच कळविले नाही. पुढे पहिल्या गटाची खरेदी शेकडा ७० वाढली, दुसऱ्याची शेकडा ३०, आणि तिसऱ्याची मुळीच नाही. म्हणजे आभारास सवलतीची शेपटी जोडताच त्यांची निम्म्याहून अधिक किंमत गेली. माझ्या कार्डावरची 'शेकडा ५ सूट' मला तेव्हा आठवली.

परंतु येथेच थांबलो तर मी वाचकांस अर्धेच सांगितल्यासारखे होईल. कारण दुसरा एक प्रयोग याच्या उलट बोलतो, आणि तो आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांच्या जवळचा आहे. अमेरिकेत लोकांच्या देणग्यांवर चालणारी दूरचित्रवाणी केंद्रे आहेत. त्यांच्या पाच लाखांहून अधिक देणगीदारांवर अनेक वर्षे हा प्रयोग चालला आणि २०२३ साली तो अर्थशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहींस देणगीनंतर काही महिन्यांनी आभाराचे दूरध्वनी गेले, काहींस गेले नाहीत. या दूरध्वनींनी देणग्या वाढतील, असे तज्ज्ञांनी अगोदर भाकीत केले होते. प्रत्यक्षात दोन्ही गटांनी पुढे सारखेच दिले. आभारांचा तिळमात्र परिणाम दिसला नाही.

मग खरे कोणते? माझी समजूत अशी, की देणगी देऊन महिने लोटल्यावर अनोळखी आवाजात ठरलेला मजकूर कानी पडला, तर ऐकणाऱ्यास त्यात आपले असे काय सापडणार? तो नुसता मायना झाला. शिवाय हे दोन्ही प्रयोग दूरध्वनीचे आहेत, पत्राचे नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. पण दुसऱ्या प्रयोगापासून मी घेतलेला बोध निराळाच आहे. आभाराच्या पत्राने विक्री वाढेल अशा हिशेबाने जो बसेल, त्याची एखादे वर्षी निराशा होईल आणि तो लिहिणे बंद करील. विक्री वाढविण्यास दुसरे पुष्कळ मार्ग आहेत. माल चांगला ठेवावा, वजन पुरे द्यावे, नाव घालण्यास सांगितले असेल त्या दिवशी भांडे तयार ठेवावे. आभारपत्राने फार तर एवढे होते की दुकानदारास आपले गिऱ्हाईक दिसू लागते. मला १९९४ साली ते दिसेनासे झाले होते.

लिहिण्याचा संकोच हा दुसरा मोठा अडथळा. "माझे अक्षर वाईट." "मला शब्द सुचत नाहीत." "त्यांना विचित्र वाटेल." या तिन्ही सबबी मी स्वतः सांगून झाल्या आहेत. यावरही एक अभ्यास आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना, ज्याचे आपल्यावर उपकार आहेत अशा माणसास पत्र लिहावयास सांगितले आणि ते वाचून त्या माणसास काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांस प्रत्यक्ष विचारले. लिहिणाऱ्यांना वाटत होते त्याहून वाचणाऱ्यांना आनंद अधिक झाला होता आणि संकोच कमी वाटला होता. लिहिणारा आपले शब्द नीट उतरले की नाही याच्या काळजीत असतो, वाचणाऱ्याचे लक्ष त्यातील जिव्हाळ्याकडे असते. अक्षराविषयी म्हणाल, तर समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस दिला आहे आणि त्यांची अपेक्षा फार मोठी आहे. आपणांस पोथी लिहावयाची नाही. गिऱ्हाइकाचे नाव शुद्ध लिहिले आणि पत्ता पोस्टमनला वाचता आला, की पुरे.

नावाच्या बाबतीत मात्र कसूर चालणार नाही. आमच्या धंद्यात भांड्यावर नाव घालून देतात. पूर्वी ते छिन्नीने ठोकून घालीत, आता विजेच्या यंत्राने घालतात. नाव चुकले तर ते भांडे घरात पिढ्यान् पिढ्या चुकीचेच राहते. पत्रातही 'कुलकर्णी'चे 'कुळकर्णी' झाले, तर पुढील सारा मजकूर फुकट गेला असे समजावे. शंका असेल तर विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू.

पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी पाव आण्यास मिळू लागले. आजही ते चहाच्या कपाहून पुष्कळ स्वस्त आहे. चौदा सेंटिमीटर लांब आणि नऊ रुंद. त्यावर सातआठ ओळी बसतात, आणि सातआठ ओळींहून अधिक लिहावयाचे नसतेच. जागा कमी असणे हा त्याचा मोठा गुण होय. शाईचे पेन वापरू नये. कार्डावर शाई पसरते आणि पाण्याचा थेंब पडला की पत्ता जातो. साधे बॉलपेन बरे. मात्र पोस्टकार्ड उघडे असते आणि घरी पोचेपर्यंत चार जण वाचतात, हे विसरू नये. त्यावर खरेदीची रक्कम लिहू नये. उधारीचा उल्लेख तर चुकूनही करू नये, मग ती फिटल्याबद्दलचे आभार का असेनात. ज्याने अडचणीच्या काळातही हप्त्याहप्त्याने पैसे आणून दिले, त्यास अवश्य लिहावे, पण पाकिटात घालून. दुःखाच्या प्रसंगाचे पत्रही पाकिटातच घालावे.

मजकुराचा एक नमुना देतो. उतरवून घेण्यासाठी तो नाही. त्याचा बेत कसा आहे तेवढे पाहावे.

"स. न. वि. वि. वैशाखात आपल्या कन्येच्या लग्नाची भांडी आपण आमच्याकडून नेलीत. नावे घालण्यास आमच्याकडून दोन दिवस उशीर झाला, घरात कार्य असूनही आपण बोल लावला नाहीत, उलट आमच्या कारागिरास चहा पाजलात. त्याने ते आजही लक्षात ठेवले आहे. मुलगी सासरी सुखी असेल. तिला आशीर्वाद सांगावेत. लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती."

यात 'आभार' हा शब्द नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही. काय घडले, त्यात समोरच्याने काय केले आणि ते आमच्या लक्षात आहे, एवढेच त्यात आहे. नवा माल आला आहे असे नाही, पुन्हा या असेही नाही. दारात उभे राहून 'या हं पुन्हा' म्हणणे निराळे. ते तोंडी गोड लागते. कागदावर तेच शब्द मागणीसारखे दिसतात.

आभार केवळ चांगले बोलणाऱ्याचेच मानावेत असेही नाही. एका गृहस्थांनी पितळेची कळशी परत आणली, ती सांध्यातून ठिबकत होती. दुकानात गर्दी होती. त्यांनी सर्वांदेखत न बोलता मला बाजूस घेऊन सांगितले. आम्ही त्याच मालातील राहिलेल्या कळश्या पाण्याने भरून ठेवल्या, तर आणखी चार ठिबकू लागल्या. त्या चार घरी गेल्या असत्या तर आमचे किती नाव झाले असते! त्यांना मी लिहिले, "आपण सांगितलेत म्हणून आणखी चार कळश्या सापडल्या. त्या कारखान्यास परत धाडल्या." तक्रार घेऊन येणारा माणूस आपल्याकडे येण्याची तसदी घेतो. गप्प बसून दुसऱ्या दुकानी जाणारा घेत नाही.

भाषेचा प्रश्न आपल्यासारख्या गुजरातेत राहिलेल्या मराठी माणसास नेहमी येतो. घरात मराठी, बाजारात गुजराती. नाना मराठी घरी बाळबोधेत लिहीत आणि गुजराती घरी त्यांच्या लिपीत, डोक्यावर रेघ न देता. शेवटी 'लि.' घालून आपले नाव आणि 'जय श्रीकृष्ण' लिहीत. बोहरा व्यापाऱ्यांस लिहिताना नमस्काराऐवजी सलाम लिहीत. आपल्या जैन व्यापारी बंधूंकडून संवत्सरीनंतर 'मिच्छामि दुक्कडम्' ची पत्रे येत, त्यांस नाना त्याच आठवड्यात उत्तर देत. त्यासाठी दिवाळीची वाट पाहत नसत. समोरच्याच्या रीतीने नमस्कार केला की अर्धे काम होते. ज्यांना गुजराती बोलता येते पण लिहिता येत नाही अशी आपली तरुण मुले आता पुष्कळ आहेत. त्यांनी मराठीत लिहून खाली दोनच शब्द गुजरातीत घालावेत. दुसऱ्याकडून सुबक अक्षरात लिहून घेतलेल्या पानापेक्षा ते बरे.

आणि पत्र फक्त गिऱ्हाइकासच लिहावे, असे कोणी ठरविले? माल उतरविणारे हमाल, वर्षानुवर्षे पेठेत फिरणारा कल्हईवाला, मुरादाबादेहून पितळ पाठविणारा व्यापारी, नाव घालणारा कारागीर, यांच्यावर दुकान उभे असते. डग्लस कोनंट हे अमेरिकेतील कॅम्पबेल सूप या कंपनीचे २००१ ते २०११ या काळात प्रमुख होते. कंपनीची अवस्था ते आले तेव्हा बिकट होती. ते रोज दहावीस चिठ्ठ्या आपल्या हाताने कामगारांस लिहीत. कोणत्या खात्यात कोणी कोणते काम चांगले केले हे शोधून काढून त्या कामाचा उल्लेख करीत. दहा वर्षांत अशा सुमारे तीस हजार चिठ्ठ्या झाल्या. २००९ साली त्यांना मोटारीचा मोठा अपघात झाला, तेव्हा जगभरच्या कामगारांकडून त्यांना चिठ्ठ्या आल्या. पेप्सिकोच्या प्रमुख झालेल्या इंद्रा नूयी यांची रीत आणखी जवळची वाटते. २००६ साली त्यांची नेमणूक झाल्यावर त्या आईकडे आल्या असता, भेटीस येणारे लोक त्यांना सोडून त्यांच्या आईचेच अभिनंदन करू लागले. ते पाहून त्यांनी आपल्या हाताखालील अधिकाऱ्यांच्या आईवडिलांस पत्रे लिहावयास सुरुवात केली, की तुमचा मुलगा अथवा मुलगी आमच्याकडे असे असे काम करते.

हे वाचून मी एक प्रयोग केला. आमच्याकडे पंचमहालातील एक मुलगा कामास आहे. तराजूवर त्याचा हात असा बसला आहे की घट ठेवण्याआधी तो वजन सांगतो. मी त्याच्या वडिलांस गावी कार्ड लिहिले. वडिलांना वाचता येत नव्हते. शाळेतील मास्तरांनी ते चार लोकांत वाचून दाखविले, असे मुलगा सुटीहून परतल्यावर म्हणाला. पगारवाढ त्याने त्या वर्षीही मागितली आणि मी ती दिली. पत्र हा पगाराचा पर्याय समजणाऱ्या मालकांनी पत्रे न लिहिलेली बरी.

मोबाईलवरील संदेशास माझा विरोध नाही. भांडे तयार आहे, दुकान उद्या बंद आहे, हे कळविण्यास त्यासारखे साधन नाही. घरी मलाही दिवाळीत शेकडो चित्रे येतात, फुले, पणत्या, समया. त्यांतील बहुतेक पाठविणाऱ्यांनी स्वतःही पाहिलेली नसतात.

त्या दांडिया बाजारातील घराचे काय झाले, असे कोणी विचारील. पुढे काही वर्षे ते लोक आमच्याकडे आले नाहीत. त्यांच्या आई वारल्या तेव्हा मी पाकिटात घालून चार ओळी लिहिल्या. त्यात दुकानाचे नाव घातले नाही, नुसते माझे. २००९ साली तोच थोरला मुलगा, आता स्वतः केस पिकलेला, आपल्या मुलीच्या लग्नाची भांडी घेण्यास आला. भांड्यांवर आजीचे नाव घालावयाचे होते, तशी त्या मुलीची इच्छा होती. मी यंत्राजवळ उभा राहून प्रत्येक नाव तपासले. त्या वर्षी पाडव्यास पहिले कार्ड त्यांना लिहिले. त्यात फक्त आजीने मला पाणी दिले होते त्या संध्याकाळचा उल्लेख केला. उत्तर आले, तेही कार्डावर, दोन ओळींचे. नावे ठळक आली आहेत, असे होते.

आता आपल्या न्यासाविषयी, कारण ही स्मरणिका त्याच्या महोत्सवाची आहे. देणगी आली की आपण पावती देतो. ती द्यावीच लागते. पावती म्हणजे आभार नव्हेत, ती पोच आहे. ज्याने पाच हजार दिले त्यास, आणि ज्या विधवा भगिनीने नवऱ्याच्या स्मरणार्थ दरवर्षी एकशे एक दिले तिलाही, सारख्याच छापील कागदावर सारखीच ओळ जाते. त्या एकशे एकाचे काय झाले, कोणत्या मुलाची कोणती वही त्यातून आली, हे तिला कधी कळत नाही.

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. काही संस्थांत शिष्यवृत्ती मिळणाऱ्या मुलांकडून देणगीदारांना आभाराची पत्रे लिहवून घेतात. मला ते पसंत नाही. मूल शिकते हेच त्याचे काम आहे. तेरा वर्षांच्या मुलास बसवून 'आपल्या कृपेने' असे लिहावयास लावले, तर त्या आभारात पुन्हा तो भार येतो, आणि तोही ज्याच्या खांद्यावर नको त्याच्या. मुलाला वाटले आणि त्याने आपण होऊन लिहिले तर ते पोचवावे, नाही लिहिले तर विचारू नये. आभार मानण्याचे काम विश्वस्तांचे आहे. ते आपल्याच हाताने व्हावे.

हे जमण्यासारखे आहे का, असे कार्यालयातून मला विचारण्यात आले. देणगीदार तीनशे धरले आणि विश्वस्त व कार्यकर्ते मिळून दहा जण लिहावयास बसले, तर प्रत्येकाच्या वाट्यास तीस पत्रे येतात. पाडव्यापासून लाभपाचमीच्या आदल्या दिवसापर्यंत चार दिवस मिळतात, म्हणजे दिवसास सातआठ पत्रे. एका पत्रास दहा मिनिटे धरली तरी रोजचा सव्वा तास होतो. त्यासाठी वही मात्र आजच कार्यालयाच्या टेबलावर ठेवावी लागेल आणि देणगी घेणाऱ्याने पावती फाडतानाच त्यात दोन शब्द टिपावे लागतील. पिनकोड १९७२ पासून आहे, तरी आपल्या यादीत निम्म्या पत्त्यांवर तो नाही. तो भरून घ्यावा. रावपुरा आणि दांडिया बाजार या भागांतील तीस नावे मी माझ्याकडे घेतो. मांडवीकडील कोणी घेणार असेल त्याने कार्यालयात नाव सांगावे.